मडकं धरलं म्हणून

हिरू कोळ्याला ना पोर ना भाऊ, म्हणून त्याच्या अंत्ययात्रेत शेजारच्या धाकूने मडकं धरलं. तेराव्याला सगळा कोळीवाडा जमलेला असताना नारबाशेठ येऊन गरजला, "मडकं धरतो तो वारस. हिरूचं कर्ज आता तू फेड!"

धाकू म्हणाला, "कबूल, शेठ. मग कर्जापायी तुम्ही ओढून नेलेली त्याची होडीही माझीच. ती विकू, तुमचं कर्ज कापून घ्या आणि उरलेले पैसे मला द्या."

होडी कर्जाच्या दुप्पट किमतीची होती. "छे! तू कुठला वारस? नुसता शेजारी!" म्हणत शेठने काढता पाय घेतला.

लोक हसले. धाकूला हसू येईना. होडी नेली त्या दिवशी हिरू त्याच्याकडेच बघत होता, आणि तेव्हा धाकूच्या तोंडून शेठपुढे एक शब्द फुटला नव्हता.