ठकूबाईनं अडवलेली नाव

फार जुनी गोष्ट. दोन राज्यांच्या मधून एकच नदी वाहायची, तेव्हाची. अलीकडे धामणडोह, इंग्रजांच्या मुलखात. पलीकडे कासारबेट, निजामाच्या मोगलाईत. मध्ये ठकूबाई भोईण आणि तिची नाव.

दरसाल दोन्ही गावं अंबाडीचे भारे नदीत कुजत घालायची, दोरांसाठी सालीचा वाख, म्हणजे धागा, सुटावा म्हणून. पाणी काळं पडायचं, मासे पोट वर करून तरंगायचे. हे म्हणायचे घाण त्यांची, ते म्हणायचे यांची. आणि दोन्ही पाटलांचं एकच पालुपद, "वाहतं पाणी निर्मळ!" निर्मळ म्हणे! त्याच पाण्यानं ठकूबाईची एकुलती लेक गेली. मागं दीड वर्षाची नात उरली, आणि तीही तेच पाणी पीत होती.

पाण्यावरून भांडणारे हे पाटील दरसाल शीव ठरवायला मात्र गुण्यागोविंदानं एका नावेत बसायचे. नदीच्या मध्यावर काठी रोवायची, की झालं. त्या वर्षी काठी रोवली आणि ठकूबाईनं वल्हं पाण्यात भिरकावून दिलं.

"आता दावा, पाटील! ह्यातलं तुमचं पानी कंचं, आन् त्येंचं कंचं? माजी लेक कुनाच्या पान्यानं मेली?"

असं म्हणतात, नदी वाहत राहिली, पण नाव बोटभरही हलली नाही. उडी टाकून पोहत निघालं, तर धार परत नावेशी आणून सोडायची. दोन दिवस उन्हात गेले. घशाला कोरड पडली, तसे दोघे पाण्यासाठी कळवळू लागले.

"चारी अंगांनी पानीच हाय की! वाहतं हाय. प्या!"

एकानंही ओंजळ भरली नाही. तेव्हा ठकूबाईचा असा संताप झाला, की तिच्या पायाखालची फळी तापली, असं म्हणतात. "लेकरांनी प्यायचं, आन् तुमाला किळस येती व्हय रे?"

तिसऱ्या दिवशी पाटलांनी एकमेकांच्या हातात हात देऊन शपथ घेतली. अंबाडी नदीबाहेर खड्ड्यात कुजवायची. एका गावानं शपथ मोडली, तर दुसऱ्यानं येऊन भारे ओढून काढायचे, राज्य कुणाचंही असो. तेव्हा कुठे नाव सुटली. नात जगली, चांगली म्हातारी होऊन गेली.

पुढे दोन्ही राज्यं गेली. पण आजही दरसाल त्या शपथेच्या दिवशी दोन्ही गावचे सरपंच मध्यावर जाऊन ओंजळभर पाणी पितात. ज्याचा हात ओठांशी थबकला, त्याच्या दारात दोन्ही काठच्या बाया जमतात आणि ठकूबाईचं नाव घेऊन त्याला तोंडाला येतील त्या शिव्या घालतात. घाण अंबाडीची असो की आणखी कशाची. त्यांना गप्प बसवायची अजून कुणाची छाती झालेली नाही.