झुंबरीने हुंगलेला वास

फार मागे एका जांभळीच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. अंगाला पोळ्याचा वास असेल तिलाच आत सोडायचं, असा तिथला नियम. दारावर झुंबरीचा कडक पहारा. तरी एका वादळात काही परक्या माश्या तिचा डोळा चुकवून आत शिरल्या. दोन बहर उलटल्यावर हे फुटलं आणि पोळं घुमायला लागलं.

"नियम मोडलाय, हाकला त्यांना," अर्ध्या म्हणाल्या.

"आपली पिल्लं त्यांनीच भरवलीत, माफ करा," उरलेल्या म्हणाल्या.

राणी म्हणाली, "झुंबरे, आधी हुंगून शोध तरी."

झुंबरीला चेव चढला. तिने एकेकीला हुंगलं, पण वास सगळ्यांना एकच. तेवढ्यात परका वास आला, वाऱ्याचा, धुळीचा. ती गर्रकन वळली, पुन्हा वळली. वास तिच्याच अंगाचा होता. दिवसभर दाराबाहेर उभी असायची ती.

राणीने विचारलं, "सापडली का गं एखादी?"