गरुडामागे कोतवाल

जहागीरदारांनी शिकारीसाठी गावाचं गायरान कुंपणात घ्यायचं ठरवलं. खुंट ठोकायला माणसं घेऊन ते स्वतः आले, तेव्हा द्वारका गवळण एकटी त्यांच्या घोड्यासमोर उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या झाडावरून उडून एक मुठीएवढा कोतवाल पक्षी भल्यामोठ्या गरुडाच्या मागे लागला आणि टोचे मारमारून त्यानं गरुडाला पिटाळलं.

जहागीरदार हसले. “एका पंजात मेला असता. भीती कशी वाटत नाही त्याला?”

“वाटते की, सरकार,” द्वारका म्हणाली. “पण गरुड आला होता एका घासासाठी. तो त्याला दुसरीकडेही मिळेल. कोतवालाची पिल्लं मात्र याच झाडावर आहेत.”

जहागीरदारांनी तिच्यामागे चरणाऱ्या गाईंकडे पाहिलं. मग घोडा वळवत ते माणसांना म्हणाले, “खुंट उपटा. शिकारीला रानं पुष्कळ आहेत.”