लाटण्यांसारखे पर

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की कुणी कुणाच्या अंगाला हसलं तर आपण गप्प बसायचं नाही. त्या नेमाची ही कहाणी, बायांनो, ऐका.

जमिनीवर कुणीच चालत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका तळ्यात एक मासोळी होती. तिचे पर आखूड, मांसल, म्हणून सगळ्या तिला थोटी म्हणत. पुनवेला मासोळ्या फेर धरत, तेव्हा म्हाताऱ्या आत्याबाई म्हणायच्या, "अगं, हे पर की लाटणी? पोहतेस की पोळ्या लाटतेस? जा, काठाला बस!" पिल्लंसुद्धा फिदीफिदी हसत. थोटी काठच्या चिखलात पर रोवून धुमसत बसे.

एका उन्हाळ्यात तळं आटलं. बाकीच्या ओढ्यानं निसटल्या, पण आत्याबाई आणि त्यांची नातवंडं डबक्यात अडकली. उंचवट्यापलीकडं डोह होता, पण नाजूक परांनी चिखलात हलता येईना. काठच्या चिखलातली थोटी मात्र परांवर उभी राहिली.

"सोन्ये, माझी नातवंडं तेवढी ने गं!" आत्याबाई रडू लागल्या.

"आता सोन्ये का?" थोटी कडाडली. "या लेकरांना हसायला कुणी शिकवलं? नेईन, पण राग गिळून नाही नेणार!"

तिनं पिल्लं तोंडात धरून डोहात सोडली आणि तशीच तणतणत परत आली. "माझी शेपटी तोंडात धरा, आत्याबाई. वाटेत एक शब्द बोललात, तर तिथंच राहाल."

जन्मात पहिल्यांदा आत्याबाई डोहापर्यंत गप्प राहिल्या.

थोटीच्या लेकींच्या लेकी पुढं पावलांनी चालल्या. बायांनो, तुमच्यासमोर कुणी कुणाच्या अंगाला हसलं, तर तुम्हीही खुशाल रागवा. फक्त मदतीचा हात आखडू नका, एवढा नेम धराच.