लक्ष कुठंय तुझं?

पाखरं आपली बोली इतरांना शिकवत, त्या काळातली ही गोष्ट. वादळात चिंच उन्मळून पडली, तशी तिच्यावरची झिपरी खार सातभाई पक्ष्यांच्या बाभूळबनात आसऱ्याला आली. तिथला नियम एकच. थव्याची बोली येईल त्यानंच राहायचं. धोक्याची हाक न कळणारा स्वतः मरतो आणि दुसऱ्यालाही गोत्यात आणतो.

थोरली भागाक्का रोज तिला समोर बसवून शिकवी. झिपरी बसे, पण तिची शेपटी बसेना. एक शब्द कानात शिरतो न शिरतो तोच कुठं शेंग पडे, कुठं मुंगळा चाले, आणि पुढचे चार शब्द वाऱ्यावर जात.

"लक्ष कुठंय तुझं?" भागाक्का करवादे.

"मुंगळ्यावर होतं, अक्का," झिपरी रडवेली होई. "घट्ट धरते, तरी सुटतं."

पंधरा दिवसांत जेमतेम पाच शब्द आले. "उद्या दुसरं झाड बघ," म्हणत अक्कानं शेवटचा धडा सुरू केला. थवा माना खाली घालून पालापाचोळा उलटत होता. झिपरीची नजर पुन्हा भिरभिरली.

"आज तरी लक्ष कुठंय?"

"वर! शिक्रा!" झिपरी थव्याच्या बोलीत किंचाळली.

सगळे काटेरी जाळीत घुसले. शिक्र्याच्या नख्यांत नुसता पाला आला.

दुसऱ्या दिवसापासून अक्का तिला फांद्यांवरून पळवत शिकवू लागली. झिपरी मधेच थबकली, की अक्का अजूनही विचारते, "लक्ष कुठंय तुझं?" फक्त आता उत्तर यायच्या आधी सगळा थवा तिकडं बघतो.