एका पेल्यातला चमचा

"मग आता उरलंय तरी काय माझ्यात?" मुकुंदने विचारलं. "राग गेला, लोभ गेला. कुणी आपला नाही, कुणी परका नाही. सगळे सारखे. दीक्षा कधी देणार, बुवा?"

भगवी वस्त्रं त्याने आधीच रंगवून वाळत घातली होती. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

निळकंठबुवा मठाच्या पायरीवर बसले होते. आताशा त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नसे. कान मात्र तिखट होते.

"तुझी आई आलीये म्हणे."

"एक बाई आल्यात," मुकुंद म्हणाला. "माझ्या लेखी त्याही इतरांसारख्याच."



संन्यास घेणाऱ्याला आईने होकार द्यायचा, अशी त्या खाडीकाठच्या मठाची रीत होती. त्यासाठी ती माउली सकाळच्या एसटीने आली होती. मुकुंदने तिला नमस्कार केला, पण इतरांना केला तसाच, आणि सतरंजीवर जागा दाखवली. त्याच्या गालाला लावायला उचललेला हात तिने पदरात घेतला आणि गुमान जाऊन बसली.

"उकडतंय फार," बुवा म्हणाले. "मंडळींना सोड्याचं कोकम दे. सगळ्यांना सारखं."

एका भक्ताने मठाला घरच्या घरी सोडा करायचं यंत्र दिलं होतं. बाटलीत फ्रिजचं गार पाणी भरायचं, ती यंत्राला अडकवायची आणि बटण दाबायचं. त्याचा सगळा कारभार मुकुंदकडे. पहिल्या दिवशी पठ्ठ्याने पाण्यात आधीच कोकम ओतून बटण दाबलं होतं. स्वयंपाकघराचं छत अजून गुलाबी आहे, आणि आचारी त्याला अधूनमधून रंगपंचमीच्या शुभेच्छा देतो.

आता मात्र हात बसला होता. आधी नुसत्या पाण्यात गॅस. मग पेल्यात कोकम, जिरेपूड, वरून सोडा, आणि चमचा फिरवायचा तो अगदी जरासा. जास्त ढवळलं तर गॅस उडून जातो, असं तोच सगळ्यांना बजावत असे.

यंत्र फुसफुसलं. पेले भरून गेले, रिकामे होऊन आले. मुकुंद पायरीशी परत येऊन उभा राहिला.

"सगळ्यांना सारखं दिलंस?"

"अगदी सारखं, बुवा. तेवढंच कोकम, तेवढाच सोडा."

"एका पेल्यात चमचा फार वेळ वाजत होता."

मुकुंद अंगठ्याने पायरीवरची माती सारू लागला.

"ढवळल्यावर गॅस उडतो ना रे?"

"उडवायचाच होता." तो खालच्या पायरीवर बसला. "तिला सोड्याने ठसका लागतो. एकदा लागला की थांबत नाही. लहानपणी कुठे लग्नाकार्यात सोडा पुढे आला, की मी आधी तिचा पेला ढवळून द्यायचो... आज हात आपोआपच फिरला, बुवा."

"प्यायली का?"

"प्यायली. एक घोट घेतला, तिच्या लक्षात आलं, आणि माझ्याकडे बघून हसली."

सकाळपासून जिला नुसती बाई म्हणत होता, तिच्यासाठी त्याचा जीव तुटत होता. आणि आता दीक्षाही गेली, म्हणून वेगळाच तुटत होता.

"साधना सगळी एका चमच्यात वाहून गेली," तो म्हणाला. "द्या घरी पाठवून."

बुवांनी हात पुढे करून, चाचपत, त्याचं डोकं शोधलं. हात तिथेच राहू दिला. पोरावर त्यांची माया होती आणि आज ती लपवायची त्यांना गरज वाटली नाही.



"तिच्या शेजारी कोण बसलंय?"

"एक म्हातारे गृहस्थ आहेत."

"त्यांना सोडा सोसतो का?"

मुकुंदने वर बघितलं. "ते... ते मला नाही माहीत, बुवा."

"मग आईला विचार. शेजारी बसलीये, तिला एव्हाना कळलं असेल. सोसत नसेल, तर पुढच्या वेळी त्यांचाही पेला ढवळ."