पेन्सिलीचा ठोका

रेडिओवर विणलेला रुमाल घालायचे, तेव्हाची गोष्ट. एका ॲम्प्लिफायरमध्ये गाण्यामागे किणकिण येऊ लागली. बापूसो मिस्त्री म्हणाले, "ज्याचा दोष, तो आज भंगारात."

आतला सगळ्यात उजळ पेटणारा, दिव्यासारखा काचेचा व्हॉल्व्ह लगेच म्हणाला, "कंडेन्सरआजोबाच असणार. वय झालंय त्यांचं."

"त्यांचंच काम," बाकीचे व्हॉल्व्ह म्हणाले.

मिस्त्रींनी पेन्सिलीने एकेकाला हळूच ठोकून पाहिलं. कंडेन्सरला ठोकलं, काही झालं नाही. उजळ व्हॉल्व्हला ठोकताच स्पीकर किणकिणला. मिस्त्रींनी त्याला फडक्यात धरून उपटलं आणि भंगारात टाकलं.

"आजोबा, आम्हाला पहिल्यापासून त्याचाच संशय होता," बाकीचे व्हॉल्व्ह म्हणाले.

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"तेव्हा तो आमच्या शेजारी बसला होता."